आउटलुक उघडते आणि बंद पडते: दोष स्पॅम फिल्टरचा की मेलच्या फाइलचा?

प्रश्न (सांगली): आमच्या करसल्लागार कार्यालयात विंडोजवर आउटलुक २०१९ आहे, खाते पॉप-३ पद्धतीचे. स्पॅम फार वाढला म्हणून अँटिव्हायरसबरोबर आलेले स्पॅम फिल्टरचे प्लगइन सुरू केले. महिनाभर ठीक चालले. आता आउटलुक उघडते, मेल उतरू लागतात आणि दहा-पंधरा सेकंदांत खिडकी आपोआप मिटते. ऑफिस दोनदा काढून पुन्हा टाकले, तरी फरक नाही. अकरा वर्षांचे मेल त्यात आहेत.

उत्तर: ऑफिस तिसऱ्यांदा टाकू नका. प्लगइनची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या साठ्यात, ऑफिसपासून वेगळी असते आणि मेलची पीएसटी फाइलही ऑफिस काढल्याने हलत नाही. नवे ऑफिस सुरू होताच तेच प्लगइन उचलते आणि तीच फाइल उघडते. म्हणजे संशयित दोघेही जागच्या जागी राहतात.

आउटलुकचे असे प्लगइन, म्हणजे कॉम ॲड-इन, वेगळा प्रोग्राम म्हणून चालत नाही. ते आउटलुकच्याच पोटात, त्याचीच मेमरी वापरून चालते. त्याने मेमरीत नको तिथे हात घातला की विंडोज अख्खे आउटलुक बंद करते. म्हणून दिसायला दोष आउटलुकचा असतो.

काहीही करण्याआधी पीएसटीची प्रत काढा. पॉप-३ खात्यात मेल सर्व्हरवरून तुमच्या संगणकावर उतरतात आणि आउटलुकच्या नेहमीच्या मांडणीत १४ दिवसांनी सर्व्हरवरून पुसले जातात. जुन्या मेलची एकमेव प्रत म्हणजे ही फाइल. ती बहुधा 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरात असते. कॉपी करण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून आउटलुक मागे चालू राहिलेले नाही ना, ते बघा. चालू फाइलची प्रत अर्धवट निघू शकते. प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

आता कंट्रोल ही कळ दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचे का, असे विचारले जाईल, 'हो' म्हणा. या स्थितीत ॲड-इन चढत नाहीत. सेंड-रिसीव्ह करा, चार मेल उघडा, एखादा पाठवा आणि पंधरा-वीस मिनिटे काम करत राहा. आउटलुक टिकले तर दोष कुठल्या तरी ॲड-इनचा आहे. इथेही बंद पडले तर पीएसटी किंवा प्रोफाइलकडे, म्हणजे आउटलुकमधल्या खात्याच्या मांडणीकडे वळायचे, ते पुढे सांगितले आहे.

टिकले असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या वाटेने जा. खाली 'मॅनेज'समोर 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. यादीतल्या सगळ्यांच्या खुणा काढा. 'रिमूव्ह' मात्र दाबू नका, त्याने नोंदच जाते. आउटलुक नेहमीसारखे सुरू करा आणि एकेक ॲड-इन परत लावत चला. दर वेळी आउटलुक बंद करून उघडायला हवे. आठ ॲड-इन असतील तर आधी चार लावा. बंद पडले तर दोषी त्या चारांत, नाहीतर उरलेल्यांत. अशा तीन फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. खूण काढताना परवानगी नाकारली गेली तर ते ॲड-इन संगणकाच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी बसवलेले आहे. आउटलुक एकदा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून तीच खूण काढा.

स्पॅम प्लगइनवर संशय पक्का करायला आणखी एक चाचणी आहे. फक्त तेच प्लगइन लावून आउटलुक उघडा आणि 'सेंड-रिसीव्ह' या टॅबवरचे 'वर्क ऑफलाइन' लगेच दाबा. खिडकी पंधरा सेकंदांत मिटते, म्हणजे तेवढी सवड मिळते. नाहीच मिळाली तर इंटरनेटची तार काढून उघडा. ऑफलाइन असताना तासभर टिकते आणि ऑनलाइन येताच कोसळते, असे झाले तर नव्याने उतरणारा एखादा मेल वाचतानाच प्लगइन कोलमडत आहे. स्पॅम फिल्टर प्रत्येक मेलचे शीर्षभाग, एचटीएमएल आणि जोडफायली उलगडून पाहतो. स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोडकीतोडकी रचना करतात. ती न पेलणारे प्लगइन तिथेच पडते. मेल पूर्ण उतरल्याची नोंद होण्याआधीच आउटलुक पडल्यामुळे पुढच्या वेळी तोच मेल पुन्हा येतो आणि तेच पुन्हा घडते. तुम्ही लिहिलेली लक्षणे याच्याशी जुळतात. ब्राउझरमधून खात्यात शिरा आणि ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवसापासूनचे न उतरलेले मेल इनबॉक्समधून दुसऱ्या फोल्डरात हलवा. पॉप-३ फक्त इनबॉक्स पाहतो. आउटलुक टिकले तर ते मेल पाच-पाच करून परत आणा, दोषी मेल सापडेल.

लेखी पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो. 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'ॲप्लिकेशन'मध्ये आउटलुक मिटल्याच्या वेळेची, क्रमांक १००० ची नोंद शोधा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे जिथे पडझड झाली तो प्रोग्रामचा भाग, म्हणून एका डीएलएल फाइलचे नाव असते. ते अँटिव्हायरसच्या फोल्डरातले असेल तर शंका उरत नाही. पण तिथे 'एनटीडीएलएल' हे विंडोजच्या स्वतःच्या फाइलचे नाव दिसले म्हणून विंडोजला दोष देऊ नका. मेमरी दुसऱ्याने बिघडवलेली असते आणि पडझड तिथे उघडकीला येते. क्रमांक १००२ ची नोंद असेल तर आउटलुक कोसळले नव्हते, अडकून पडले होते. तेव्हा प्लगइन बहुधा नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत असते.

प्लगइन दोषी ठरले की अँटिव्हायरसची नवी आवृत्ती घ्या. ऑफिसचे अपडेट आल्यावर जुने प्लगइन बिघडणे ही नेहमीची गोष्ट आहे. नव्या आवृत्तीतही तेच झाले तर अँटिव्हायरसच्या आपल्या सेटिंगमधून फक्त स्पॅमचा भाग बंद करा. आउटलुकमधली खूण तेवढी काढली तर काही अँटिव्हायरस पुढच्या अपडेटला ती परत लावतात.

पीएसटीचे काम राहिले. आउटलुक असे वारंवार मधेच मिटले की फाइल नीट बंद होत नाही आणि मूळ दोष प्लगइनचा असला तरी आता फाइलही दुखावलेली असू शकते. त्यासाठी ऑफिसबरोबरच 'स्कॅनपीएसटी' हे साधन येते. ऑफिसच्या फोल्डरात शोधून चालवा. दुरुस्तीपूर्वी प्रत ठेवण्याची खूण तशीच राहू द्या. डिस्कवर पीएसटीच्या आकाराइतकी तरी मोकळी जागा हवी. एका फेरीवर थांबू नका, चुका सापडणे थांबेपर्यंत पुन्हा चालवा. फाइलचा आकारही बघा. आउटलुक २०१० पासूनच्या आवृत्त्यांत नव्या पद्धतीच्या पीएसटीची मर्यादा ५० जीबी असते. पण तुमची फाइल जुन्या ऑफिसमधून चालत आलेली असेल तर ती जुन्या पद्धतीची असू शकते. तिची मर्यादा फक्त २ जीबी. तिच्या जवळ पोचलेली फाइल भरवशाची नाही. नवी पीएसटी करून वर्षवार मेल त्यात हलवा. पीएसटी नेटवर्कवरच्या किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरात ठेवू नका.

दुरुस्तीनंतरही सेफ मोडमध्ये बंद पडत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'मधून नवे प्रोफाइल करा आणि त्यात तीच पीएसटी जोडा. जुने प्रोफाइल आठवडाभर तरी पुसू नका.

प्लगइन बंद केल्यावर स्पॅमचे काय, हा प्रश्न उरतो. आउटलुकच्या स्वतःच्या जंक फिल्टरवर विसंबू नका. त्याला लागणारी अद्ययावत माहिती देणे मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१६ पासून थांबवले आहे. गाळणी सर्व्हरवरच लावणे चांगले. तुमचे मेल ज्या कंपनीकडे आहेत तिच्या नियंत्रण पॅनेलमध्ये स्पॅम फिल्टर असतो, तो सुरू करा. एक काळजी घ्या: पॉप-३ मध्ये सर्व्हरवरचे जंक फोल्डर आउटलुकला दिसतच नाही. करखात्याची नोटीस चुकून तिथे गेली तर मुदत टळून जाईल, म्हणून ब्राउझरमधून ते फोल्डर रोज एकदा उघडून पाहायला हवे.

प्रश्न (रत्नागिरी): माझे आउटलुक बंद पडत नाही, पण स्पॅमचे प्लगइन दर चार-सहा दिवसांनी नाहीसे होते. परत लावले की पुन्हा तेच.

उत्तर: आउटलुक प्रत्येक ॲड-इनला सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजते. सलग पाच वेळांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, १००० मिलिसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या वर गेला की ते त्याला बाजूला काढते. आउटलुक २०१३ पासून ही सोय आहे. फाइल मेनूत 'स्लो अँड डिसेबल्ड कॉम ॲड-इन्स' उघडा आणि 'ऑलवेज एनेबल धिस ॲड-इन' निवडा.

पण ही निवड म्हणजे आउटलुकचा पहारा उठवणे आहे. आधी उशिराचे कारण शोधा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आउटलुकच्या नावाची, क्रमांक ४५ ची नोंद असते; तिच्यात प्रत्येक ॲड-इनला लागलेले मिलिसेकंद लिहिलेले असतात. स्पॅम प्लगइनची शिकलेली माहिती फार मोठी झाली असेल किंवा नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

'इनॲक्टिव्ह' आणि 'डिसेबल्ड' यांत गल्लत करू नका. कोसळण्याला कारण झालेले ॲड-इन 'डिसेबल्ड'च्या यादीत जाते. तिथून सोडवण्यासाठी ॲड-इन्सच्या पानावर 'मॅनेज'मध्ये 'डिसेबल्ड आयटम्स' निवडावे लागते. कॉम ॲड-इन्सच्या यादीत नुसती खूण करून भागत नाही. 'इनॲक्टिव्ह' म्हणजे नोंद आहे, पण चढलेले नाही. रजिस्ट्रीत त्याच्या 'लोड बिहेविअर'चा आकडा ३ असेल तर ते आउटलुकबरोबर चढते. चढताना अडखळले की तो आकडा २ होतो. ३ करूनही पुन्हा २ होत असेल तर आकड्याशी झगडत बसू नका. प्लगइन काढून नवी आवृत्ती बसवा.

ऑफिस ६४ बिटचे आणि प्लगइन ३२ बिटचे असेल तर ते आउटलुकला कोसळवत नाही, मुळात चढतच नाही. ऑफिस २०१९ पासून काही वेगळे निवडले नाही तर ६४ बिटचेच बसते, त्यामुळे जुनी प्लगइने तिथे गप्प राहतात. फाइल, ऑफिस अकाउंट, अबाउट आउटलुक इथे बिट लिहिलेले असतात.

प्रश्न (पुणे): वरच्या कोपऱ्यातली 'नवे आउटलुक' ही कळ दाबली आणि प्लगइन गायब झाले. कसे परत आणू?

उत्तर: नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन चालत नाहीत, फक्त वेब ॲड-इन चालतात. तीच कळ मागे सरकवा, जुने आउटलुक प्लगइनसह परत मिळेल.

प्रश्न (नाशिक): वाचनालयात थंडरबर्ड वापरतो. मोठ्या अपडेटनंतर स्पॅमचे एक जुने एक्स्टेन्शन चालेनासे झाले आणि प्रोग्रामही अधूनमधून बंद पडतो. शिवाय मराठी मेल जंकमध्ये जातात.

उत्तर: थंडरबर्डच्या ७८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, जुन्या रचनेची एक्स्टेन्शन चालत नाहीत. तुमचे त्यातले असेल तर काढून टाका. नंतर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड उघडा. ट्रबलशूट मोडमध्ये सगळी एक्स्टेन्शन बंद राहतात. तिथे नीट चालले तर आउटलुकसारखीच एकेक लावून बघण्याची रीत. तिथेही बिघडले तर ज्या फोल्डरवर क्लिक केल्यावर बंद पडते त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. मेल तसेच राहतात, फक्त त्यांची सूची नव्याने तयार होते.

एक धोका अवश्य टाळा. थंडरबर्ड साधारणपणे अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवते. त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला तर अँटिव्हायरस ती संपूर्ण फाइल अलग काढू शकतो आणि इनबॉक्स रिकामा दिसतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली येणारे मेल एकेकटे अलग काढू देण्याची खूण आहे, ती करा.

एक्स्टेन्शनची गरज बहुधा नाहीच, कारण थंडरबर्डचा आतला जंक फिल्टर शिकणारा आहे. त्याला मराठी कळत नाही. कोणते शब्द जंकमध्ये जास्त येतात आणि कोणते चांगल्या मेलमध्ये, एवढेच तो मोजतो. चांगल्या इंग्रजी मेलचा त्याला सराव झाला आणि मराठी चांगले मेल कधी दाखवलेच नाहीत, तर देवनागरी मजकुराबद्दल त्याच्याकडे पुरावा फक्त मराठी स्पॅमचा असतो. म्हणून नुसते जंकवर बोट ठेवून भागत नाही. चुकून गेलेल्या प्रत्येक मराठी मेलवर 'नॉट जंक' दाबा आणि जुने चांगले मराठी मेल शे-दीडशेच्या गठ्ठ्याने निवडून तेच करा. शिकवण फारच बिघडली असेल तर 'रीसेट ट्रेनिंग डेटा' दाबून कोऱ्या पाटीने सुरुवात करा. सभासदांचे पत्ते ॲड्रेस बुकमध्ये घातले आणि खात्याच्या जंक सेटिंगमध्ये त्या ॲड्रेस बुकवर खूण केली की त्यांचे मेल फिल्टर आपणहून जंक ठरवत नाही.

प्रश्न (ठाणे): मॅकवर ॲपल मेलचे स्पॅम प्लगइन सोनोमा टाकल्यावर दिसत नाही.

उत्तर: सोनोमा, म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या मॅकओएस १४ पासून, मेलची जुनी प्लगइने चालत नाहीत. त्यांची जागा मेल एक्स्टेन्शननी घेतली आहे. निर्मात्याने एक्स्टेन्शनच्या रूपातली आवृत्ती काढली आहे का, ते पाहा. ती बसवल्यावर मेलच्या सेटिंग्जमधल्या 'एक्स्टेन्शन्स' या टॅबवर तिच्यापुढे खूण करायला विसरू नका. ती केल्याशिवाय एक्स्टेन्शन काम सुरू करत नाही.