तुटकी मोटार आणि दारातला रांजण

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. शाळेनं ‘गरजू मुलांसाठी खेळणी आणा’ म्हटल्यावर यानं चाक निखळलेली मोटार पिशवीत टाकली. रागावले तर म्हणतो, “त्यांच्याकडं तर तेही नाही.” याला देणं शिकवू कसं?
– एक आई, लातूर

उत्तर : रागावू नका, तो आपलंच बघून शिकलाय. दिवाळीच्या साफसफाईत निघालेलंच आपण द्यायला काढतो ना?

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची, गाव औसा तालुक्यातलं. घर पडलं, पत्र्याच्या शेडमध्ये आलो. मदतीला आलेल्या धान्यावर, भांड्यांवर आम्ही जगलो, ते विसरणार नाही. पण कपड्यांच्या ढिगातून आईनं माझ्यासाठी काढलेल्या फ्रॉकची पाठीवरची चेन तुटलेली होती. ती सेफ्टी पिना लावून द्यायची आणि मी वर्गात दिवसभर भिंतीला पाठ टेकून बसायचे. त्याच ढिगात घडी न मोडलेला एक कोरा टॉवेल निघाला. आजीनं तो कधी वापरला नाही. “कुणीतरी आपल्यासाठी दुकानात जाऊन घेतलाय गं,” म्हणायची.

जेवताना सहज सांगा त्याला हे. मोटारीचं चाक बसतंय का बघा, नाहीतर भंगारात द्या. दुसरं खेळणं त्यानंच निवडावं. लाडकंच दे म्हणून हट्ट नको, आपण तरी कुठं देतो!

वेळ अमावास्येला कुणाच्या तरी शेतात जालच (त्या दिवशी लातुरात उरतं कोण?). रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात, तेव्हा आंबील वाढायचं काम त्याच्याकडे द्या.

आणि उन्हाळ्यात दारात रांजण ठेवा. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे आपलं. शिळं पाणी झाडांना घालायचं, रांजण आतून घासायचा, भरायचा, पोतं भिजवून गुंडाळायचं, हे रोज त्यानं करायचं. फोटो काढून स्टेटसला टाकू नका. आठवड्यात कंटाळेल. तेव्हा तुम्ही गुपचूप भरून ठेवू नका. कुणीतरी येईल, ओगराळं तळाला खणकन वाजेल. त्या माणसाला प्यायला आतून तांब्या द्यायचाच, पण तो घेऊन पोरालाच बाहेर पाठवा.