अमेरिकेतल्या सरकारी शाळांत विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीसोबत 'देवाने सृष्टी निर्माण केली' हेही शिकवता येतं का?

नाही, सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकवता येत नाही. 1987 साली एडवर्ड्स विरुद्ध अ‍ॅग्विलार्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा कायदा रद्द केला. उत्क्रांती शिकवायची तर सृष्टिनिर्मितीवादही शिकवा, अशी त्यात सक्ती होती. शासनाने धर्माची बाजू घ्यायची नाही, हे तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतलं कलम त्याच्या आड आलं. मग तोच माल 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान शक्तीने केली, असा दावा) या नावाने बाजारात आला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळाने तो मुलांपुढे ठेवायचं ठरवताच पालक कोर्टात गेले. तिथे खरी गंमत झाली: मंडळाने सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे हजर झाले. 1987 च्या निकालानंतर त्यात 'सृष्टिनिर्मितीवादी' काढून 'डिझाइनचे समर्थक' घातलं होतं, आणि एका जागी ती खाडाखोड इतकी घाईत झाली होती की जुन्या शब्दाची दोन्ही टोकं नव्या शब्दांना चिकटून राहिली होती! डिसेंबर 2005 मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे विज्ञान नाही, असा स्पष्ट निकाल दिला. त्यांची नेमणूक उजव्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुशनी केली होती, त्यामुळे 'डाव्यांचा न्यायाधीश' म्हणायचीही सोय उरली नाही.

मात्र हे सगळं सरकारी शाळांपुरतं. खासगी धार्मिक शाळा आणि घरी शिकवणारे पालक यांना मोकळीक आहे. सरकारी शाळेतही तुलनात्मक धर्माच्या तासाला, प्रचार न करता, या कथांची ओळख करून देता येते.