त्या फोल्डरमध्ये आजींचे धवले होते

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीला ६१ टक्के पडले. रात्र रात्र लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या गाण्यांचे रिमिक्स करत बसतो. कोळीगीतं, हळदीची गाणी, माझ्या आईचे धवले, म्हणजे लग्नात बायका गातात ती पारंपरिक गाणी, तीसुद्धा सोडली नाहीत. ही चोरीच ना? विचारलं तर म्हणतो, ३० सेकंदांपर्यंत चालतं. गेल्या आठवड्यात मी अख्खा फोल्डर डिलीट केला. तेव्हापासून तो बोलत नाही. त्याला इंजिनिअरिंगचं महत्त्व पटवून द्या.
– एक पालक, घणसोली

उत्तर : दादा, टक्क्यांचं नंतर बघू. तुम्ही फोल्डर डिलीट केलात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यात काय होतं, हे कधी त्याच्या शेजारी बसून पाहिलंत का? आजी काही मशीनच्या ठेक्यावर गात नाहीत. एखादी ओळ लांबते, एखादी मध्येच दम घ्यायला थांबते. तिच्याखाली बीट बसवायचा तर ओळ न् ओळ कापायची, ताणायची, केसभर इकडेतिकडे सरकवून पुन्हा ऐकायची. कुणी न सांगता हे करणाऱ्या मुलाची सगळी मेहनत तुम्ही पुसलीत. त्याची माफी मागा. बापाचा धाक जाईल म्हणाल, तर त्या धाकाने आज घरात अबोलाच आणलाय.

आणि चोरी कशाची? सिनेमाच्या चालीवर भजनं आपण लहानपणापासून ऐकतो. जात्यावर बसलेली प्रत्येक बाई ओवीत आपली ओळ घालायची. तुमचा मुलगा त्यांच्याच वाटेने चाललाय, फक्त हातात लॅपटॉप आहे. धवले परंपरेचे, त्यांवर कुणा कंपनीचा हक्क नाही. आवाज मात्र आजींचा आहे, तेव्हा बाहेर टाकण्याआधी त्यांना विचारायलाच हवं.

३० सेकंदांचं मात्र त्याने डोक्यातून काढावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा सेकंदांचा हिशेब कुठेही नाही. खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा कामांना सवलत आहे, ती यूट्यूबवर टाकायच्या रिमिक्सला आपोआप लागू होत नाही. सिनेमाच्या एका गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. खाली मूळ गायकाचं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७पासून असे तुकडे ओळखते. मग व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटींवर वापरायला खुलं ठेवलेलं संगीत वापरतानाही परवाना वाचावा, कारण ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (बदल करून प्रसिद्ध करायचं नाही) लिहिलेल्या गाण्याचा रिमिक्स प्रसिद्ध करता येत नाही.

बारावी त्याने नीट करावी, सीईटीही द्यावी. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेतला साउंडचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, त्यामुळे पदवी लागेलच. इंजिनिअरिंगचं मी त्याला पटवणार नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता.

आज आधी लॅपटॉपचा रिसायकल बिन उघडा. तिथे नसेल तर लॅपटॉप वापरू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवा. मूळ रेकॉर्डिंग कुणाच्या मोबाइलमध्ये उरलंय का, तेही त्याला विचारा. कुठेच नसेल, तर पंखा बंद करून आजींसमोर बसा आणि या वेळी मोबाइल तुम्ही धरा.