अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला भारतात न्यायला दोन पासपोर्ट लागतात का? आम्ही दोघं भारतीय आहोत.

नाही, एकच लागतो, अमेरिकेचा. सोबत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड किंवा भारताचा व्हिसा. भारतीय पासपोर्ट वेगळा काढायच्या फंदात पडू नका. १९५५च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे परदेशात जन्मलेल्या बाळाची वकिलातीत नोंदणी करताना 'याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं, ते तुम्ही खरेपणाने कसं देणार? ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा समजा. १६ वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट ५ वर्षंच चालतो. नवा आला की त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवा, बरेच जण हे विसरतात. मात्र एकटी आई किंवा एकटे बाबा नेणार असतील, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवाच.