डोळ्याच्या पडद्यावरून हार्टचं खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय की चष्म्याचा नंबर काढायला गेलात तर डॉक्टर पडदा बघून बीपी मोजून घ्या म्हणाले, ते त्यांना कसं कळलं आणि असंच हार्टचंही कळतं का. बीपीचं बऱ्यापैकी कळतं, हार्टचं अर्धंमुर्धं.

मी फंडस फोटो, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो, काढायचं काम करतो त्यामुळे दिवसभर पडदेच बघत असतो. चिरफाड न करता रक्तवाहिन्या थेट दिसतात अशी ही शरीरातली खास जागा, 1851 साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप हे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण आणलं तेव्हापासून डॉक्टर इथे डोकावतायत. धमनी बारीक आणि फिकट लाल, शीर जाड आणि गडद, जाडीचं प्रमाण साधारण 2:3. बीपी वर्षानुवर्षं चढंच राहिलं की धमनी आक्रसते, तिची भिंत जाड होते आणि मग ती तांब्याच्या तारेसारखी चमकायला लागते, आम्ही कॉपर वायरच म्हणतो. पण माझी नजर आधी जाते ती क्रॉसिंगवर. धमनी शिरेवरून जाते तिथे दोघींचं वेष्टण एकच असतं, त्यामुळे कडक झालेली धमनी खालच्या शिरेला चेपते आणि फोटोत शीर दोन्ही बाजूंनी निमुळती होत मध्येच तुटल्यासारखी दिसते, पाण्याच्या पाइपवर कोणी पाय दिलाय जणू. मला तर काहीच त्रास नाही म्हणणाऱ्या एका काकांना हे झूम करून दाखवलं, लगेच बीपी मोजलं तर वरचा आकडा 180 च्या पुढे!

आता हार्ट. कॉरोनरीतलं, म्हणजे हार्टला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतलं, ब्लॉकेज इथे दिसत नाही, उगाच कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 2018 मध्ये गूगलच्या लोकांनी 2,84,335 जणांच्या डेटावर एआय शिकवलं, ते नुसत्या फोटोवरून वय, बीपी, सिगरेट ओढतो का हे बऱ्यापैकी ओळखत होतं, पुढच्या पाच वर्षांतल्या हार्ट अटॅकसारख्या गोष्टींचाही अंदाज करत होतं. भारी आहे, पण तो अंदाज हेच सगळं पेशंटला विचारून काढलेल्या रिस्क स्कोअरच्या आसपासच होता, म्हणजे ईसीजी, कोलेस्टेरॉल काही सुटत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. धमनीला फाटा फुटतो तिथे कधीकधी पिवळा चमचमता कण अडकलेला असतो, तो बहुतेक वेळा मानेतल्या धमनीतून सुटून आलेला कोलेस्टेरॉलचा तुकडा, पुढचा तुकडा मेंदूत गेला तर स्ट्रोक. असा फोटो आला की मी त्या पेशंटला रांगेत बसवतच नाही, थेट डॉक्टरांसमोर नेतो.