मशीन एक, मागणी तीन सर्व्हरची

प्रश्न : अंबडला (नाशिक) आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. व्हीएमवेअरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटात, तीन सर्व्हर, प्रत्येकात 16 कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला गणन-भाग) दोन इंटेल प्रोसेसर. त्यातल्या एका व्हर्च्युअल मशीनवर (आभासी संगणकावर) ओरॅकल डेटाबेस एंटरप्राइज एडिशन चालतो. मशीनला 8 कोअर दिलेत म्हणून 4 प्रोसेसर लायसन्स घेतली. आता एका सल्लागार फर्मचं पत्र आलंय : 48 लागतात, उरलेल्या 44 चे पैसे भरा. भरायचे का?

उत्तर : इतक्यात भरू नका. पण ‘आमची 4 पुरेशी आहेत’ असंही लिहून देऊ नका, ते अंगलट येईल.

त्यांचा हिशेब सरळ आहे. एकूण 96 कोअर, इंटेलसाठी ओरॅकलच्या तक्त्यातला गुणक 0.5 (दर कोअरमागे अर्धं लायसन्स), म्हणजे 48. आता तुमचा करार काढा. ओरॅकलच्या नेहमीच्या करारात, प्रोग्रॅम जिथे इन्स्टॉल केलेला आणि/किंवा चालू आहे ते सगळे प्रोसेसर मोजायचे, असं असतं. व्हीएमवेअरने केलेली विभागणी मानायची नाही, हे येतं ओरॅकलच्या वेगळ्या पार्टिशनिंग (विभागणीच्या) धोरणात. ते धोरण स्वतःच सांगतं की ते माहितीपुरतं आहे, कराराचा भाग नाही. तुमच्या ऑर्डरच्या कागदात त्याचा उल्लेख नसेल, तर क्लस्टर सरसकट मोजण्याला भक्कम आधार उरत नाही. याच वादावर मार्स कंपनीने 2015 मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला होता, पण तो निकालापर्यंत गेलाच नाही.

आता तुमची बाजू. करार सर्व्हरचे प्रोसेसर त्यांच्या सगळ्या कोअरसकट मोजतो, फक्त मशीनला वाटून दिलेले कोअर नव्हे. मशीन एकाच सर्व्हरवर राहिलं असलं तरी 32 कोअरची 16 लायसन्स होतात. म्हणजे 12 कमी आहेतच. ते मधूनमधून दुसऱ्या सर्व्हरवर सरकलं असेल, तर तिथलीही 16 धरली जातील. म्हणून मशीन कधी कुठल्या सर्व्हरवर होतं हे दाखवणाऱ्या व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअरचं नियंत्रण सॉफ्टवेअर) नोंदी आजच उतरवून ठेवा. मूळ सेटिंगमध्ये त्या 30 दिवसांनी पुसल्या जातात. मशीन एका सर्व्हरला बांधून ठेवायचं असेल तर नोंदी उतरवल्यावर, आणि तारखेनिशी लिहून.

ऑडिटची (लायसन्स तपासणीची) नोटीस सहसा 45 दिवसांची आणि लेखी असते. या फर्मला ती काढायचा अधिकार कोणी दिला, एवढंच सध्या लेखी विचारा. उत्तरात एकही आकडा नको. आयटीच्या माणसालाही ईमेलवर ‘हो, थोडी कमी आहेत’ असं लिहू देऊ नका.

आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारा, एंटरप्राइजची कोणती सोय खरोखर वापरता? काहीच नसेल तर ओरॅकलच्या स्टँडर्ड एडिशन 2 चा विचार करा : तिथे कोअर नव्हे, सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) मोजतात.