मोरो, टारोको की सॅन्ग्विनेलो: ब्लड ऑरेंजची कोणती जात सरस, आणि ते तपासायचं कसं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. ब्लड ऑरेंज, म्हणजे लाल गराचं संत्रं, याच्या मोरो, टारोको आणि सॅन्ग्विनेलो या जातींत फळ म्हणून आणि पोषणाच्या दृष्टीने सरस कोण. गर जितका लाल तितकं फळ पौष्टिक हे खरं का. आणि पुण्यात मार्केट यार्डातून फळं आणून कॉलेजच्या प्रकल्पासाठी ही तुलना करता येईल का. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

गर लाल आहे म्हणजे त्यात अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य आहे, एवढंच त्यातून कळतं. साखर किती, आम्ल किती, व्हिटॅमिन सी किती, यातलं काहीही त्या रंगावरून ओळखता येत नाही. मोरो तिघांत सर्वांत गडद. चांगल्या थंडीत पिकलेलं फळ कापलं तर गर जवळजवळ काळपट जांभळा दिसतो. पण व्हिटॅमिन सी मध्ये टारोको सहसा मोरोच्या पुढे असतं, आणि त्याचा गर कधी कधी नुसत्या लाल रेघा ओढल्यासारखा असतो. त्यामुळे ‘सर्वांत पौष्टिक जात कोणती’ असं विचारण्याऐवजी ‘कोणतं द्रव्य कोणत्या जातीत जास्त’ असं विचारा. प्रकल्पाचं शीर्षकही तसंच ठेवा.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ब्लड ऑरेंज हे नागपुरी संत्र्याचं नव्हे, आपल्या मोसंबीचं भावंड आहे. दोन्ही सिट्रस सायनेन्सिस. साल गराला चिकटून, हाताने सहज न सुटणारी. नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं, सैल सालीचं. म्हणून तुलनेला संदर्भ-नमुना हवा असेल तर मोसंबी घ्या, संत्रं नको. फक्त मोसंबीत आम्ल फारच कमी असतं, हे आकडे वाचताना विसरू नका.

तिन्ही जाती आज मुख्यतः एकाच भागात पिकतात: इटलीच्या सिसिली बेटावर एट्ना ज्वालामुखीच्या पायथ्याचा, कातानिया-सिराकूसाकडचा पट्टा. मोरो लवकर येणारी जात, तिकडे डिसेंबरपासून. फळ मध्यम, आंबटपणा ठसठशीत, चवीला थोडी बेरीसारखी छटा. हिचा मोठा दोष म्हणजे झाडावर किंवा गोदामात जास्त दिवस राहिली की एक कोंदट, शिळा वास येतो. मोरोमध्ये फेरुलिक, कुमॅरिक अशी हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लं भरपूर असतात. फळ जुनं झालं की ती फुटून त्यांची व्हिनाइल फिनॉल बनतात आणि वास त्यांचाच असतो. टारोको आकाराने मोठं, देठाकडे बऱ्याचदा थोडी मान असलेलं, पातळ सालीचं, जवळपास बिनबियांचं. गोडी आणि आंबटपणाचा तोल याच्याइतका कुणाचाच जमलेला नाही, आणि नुसतं खायला मला विचाराल तर टारोकोच. सॅन्ग्विनेलो मूळ स्पेनकडची, उशिरा येणारी, फेब्रुवारी ते एप्रिल. रंग दोघांच्या मधला, आणि ती झाडावर मोरोपेक्षा बरी टिकते.

आता रंगाचं कारण. लिंबूवर्गात ‘रुबी’ नावाचं एक जनुक अँथोसायनिन तयार करण्याचं बटण दाबतं. साध्या गोड संत्र्यात ते झोपलेलं असतं. ब्लड ऑरेंजमध्ये त्याच्या शेजारी रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलणारा डीएनएचा तुकडा, येऊन बसला आहे आणि तो थंडीत जागा होतो. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या आणि इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून एकच कलम सिसिलीत लालभडक फळ देतं आणि ब्राझीलसारख्या उष्ण भागात फिकट. कातानियाच्या मैदानात जानेवारीत दिवसा साधारण १५-१६ अंश आणि रात्री ५ च्या आसपास तापमान असतं. पुण्यात रात्री १०-१२ पर्यंत उतरतं, पण दिवसा पुन्हा ३० च्या घरात जातं आणि थंडी टिकते जेमतेम दोन महिने.

तुमच्या तुलनेवर याचा थेट परिणाम होतो. संत्रं आंब्यासारखं तोडल्यावर पिकत नाही. तोडलं तेव्हा जेवढी साखर होती, तेवढीच राहते. आम्ल मात्र हळूहळू घटतं, त्यामुळे जुनं फळ जास्त गोड लागतं. रंगाचं गणित वेगळं: ८ ते १० अंशांत काही आठवडे ठेवलं तर तोडलेल्या फळातही अँथोसायनिन वाढतं. म्हणजे शीतगृहातून महिन्याभराने आलेलं टारोको आणि ताजं तोडलेलं मोरो शेजारी ठेवलं, तर तुम्ही जाती मोजत नसता, साठवण मोजत असता.

मार्केट यार्डाबद्दल सांगायचं तर, फळ विभागातल्या आयात मालाच्या गाळ्यावर आधी पेटीवरचं लेबल वाचा: जात, देश, पॅकिंगची तारीख. नुसतं ‘ब्लड ऑरेंज’ लिहिलेली पेटी जातींच्या तुलनेला उपयोगाची नाही. भूमध्य समुद्राकडचा माल साधारण डिसेंबर ते एप्रिल, दक्षिण आफ्रिकेचा आपल्या पावसाळ्यात. हे दोन एकाच तक्त्यात टाकू नका. पंजाब-राजस्थानकडे ‘ब्लड रेड’ नावाची माल्टाची (तिकडच्या गोड संत्र्याची) जात लावतात. ती मिळाली तर जरूर घ्या, पण वेगळी चौथी जात म्हणून.

आणि लाल गराचं प्रत्येक फळ ब्लड ऑरेंज नसतं. कारा कारा नावाचं नेव्हल संत्रं, जे १९७६ मध्ये व्हेनेझुएलात सापडलं, तेही आतून गुलाबी-लाल असतं. पण ती लाली लायकोपीनची, टोमॅटोत असतं ते. तिला थंडी लागत नाही. ओळखायची रीत घरच्या घरी जमते. चमचाभर गाळलेल्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाका. अँथोसायनिन असेल तर फेस खाली बसता बसता लाल रंग जाऊन रस निळसर-हिरवट, मळकट होतो. आमसुलाच्या पाण्यात सोडा पडला की हेच होतं, आणि तो योगायोग नाही: कोकमातलं सायनिडिन-३-ग्लुकोसाइड हेच ब्लड ऑरेंजचंही एक मुख्य रंगद्रव्य आहे. कारा काराच्या रसात असा निळा-हिरवा बदल दिसत नाही. शिवाय तो रस नीट गाळला की लाली चोथ्याबरोबर वर राहते, कारण लायकोपीन पाण्यात विरघळत नाही.

मोजणीकडे येऊ. प्रत्येक जातीची किमान ३० फळं घ्या, दहा-दहाचे तीन गट करा. वजन, व्यास, मध्यावर कापून व्हर्नियरने सालीची जाडी, बियांची संख्या, आणि रसाचं वजन भागिले फळाचं वजन. ब्लड ऑरेंजमध्ये किमान ३० टक्के रस असावा असा युरोपीय संघाचा निकष आहे. त्याखाली असेल तर फळ सुकलेलं आहे, तो नमुना गाळा. रस हाताने फिरवायच्या रसयंत्रावर काढा. मिक्सर वापरलात तर बिया, पांढरा भाग आणि पापुद्रे भरडले जातात, रस कडवट होतो आणि हेस्पेरिडिन या लिंबूवर्गातल्या फ्लेव्होनॉइड द्रव्याचा आकडा फुगतो.

ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, द्रव्यांची टक्केवारी, रिफ्रॅक्टोमीटरवर अर्ध्या मिनिटात मिळते. यंत्र डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा, रस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. खरी गोची आम्लतेत होते. नेहमीच्या पद्धतीत १० मिली रस, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब; रस गुलाबी झाला की थांबायचं. मोसंबीला हे छान चालतं. मोरोचा रस मात्र आधीच लाल. ब्युरेटमधून अल्कली पडत जाते तसा तो तपकिरी, मग राखाडी-हिरवा होतो, आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग त्यात हरवतो. प्रत्येक जण वेगळ्या थेंबाला थांबतो आणि आकडे जुळत नाहीत. इथे पीएच मीटर लावा आणि ८.२ ला थांबा. अल्कली किती मिली लागली त्याला ०.०६४ ने गुणलं की सायट्रिक आम्लाची टक्केवारी मिळते. १८ मिली लागले तर १.१५ टक्के. मोसंबीला ५-६ मिलीतच काम होतं, म्हणजे ०.३५ च्या आसपास. ब्रिक्स भागिले आम्ल हा पक्वतेचा निर्देशांक. १२ ब्रिक्स आणि १.२ टक्के आम्ल म्हणजे १०. तीन जातींचे निर्देशांक एकमेकांच्या जवळ नसतील तर पुढचे सगळे निष्कर्ष संशयास्पद ठरतात, कारण मग जातीचा फरक कुठला आणि पक्वतेचा कुठला हे वेगळं काढता येत नाही.

व्हिटॅमिन सी साठी कॉलेजात डीसीपीआयपी या रंगद्रव्याचं टायट्रेशन शिकवतात. त्याचाही अंत्यबिंदू गुलाबी, म्हणजे पुन्हा तीच अडचण. लाल रसासाठी एचपीएलसी, म्हणजे रसातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र, हवं. ते कॉलेजात नसेल तर बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, पण रस काढल्या क्षणी ३ टक्के मेटाफॉस्फोरिक आम्लात मिसळून, बर्फात ठेवून. साधा रस बाटलीत भरून रिक्षाने पाठवलात तर व्हिटॅमिन वाटेतच कमी होईल.

अँथोसायनिनची पद्धत त्यामानाने सोपी आणि भरवशाची आहे. रस सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग घ्या. एक भाग पीएच १.० च्या पोटॅशियम क्लोराइड बफरमध्ये, दुसरा पीएच ४.५ च्या अॅसिटेट बफरमध्ये, दोन्ही सारखेच, समजा दहापट, पातळ करा. १५-२० मिनिटांनी ५२० आणि ७०० नॅनोमीटरवर वाचन घ्या. पहिल्या बफरमधल्या दोन वाचनांचा फरक, त्यातून दुसऱ्या बफरमधला फरक वजा. उरलेल्या आकड्याला ४४९.२, पातळ केल्याची पट आणि १००० यांनी गुणा, २६९०० ने भागा. लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. फरक ०.६ आणि रस दहापट पातळ केलेला असेल तर उत्तर साधारण १००. मोरोत शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त येऊ शकतं; टारोकोत बहुतेक वेळा त्याच्या बरंच खाली. एकाच पेटीतल्या टारोकोंतही मोठी तफावत दिसेल, ते तुमचं चुकलं म्हणून नाही. म्हणूनच दहा फळांचा एकत्र रस घ्यायचा.

एकूण फिनॉल मोजायला फोलिन अभिकर्मक वापरणार असाल तर सावध राहा. तो व्हिटॅमिन सी बरोबरही रंग देतो. लिंबूवर्गात व्हिटॅमिन सी भरपूर, म्हणून आकडा फुगतो आणि टारोकोला फुकट गुण मिळतात. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीचंही तेच. ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ असा एकच आकडा देऊन जातींची क्रमवारी लावलेली मला मुळीच पटत नाही. अँथोसायनिन, व्हिटॅमिन सी आणि हेस्पेरिडिन वेगवेगळे द्या.

हेस्पेरिडिनचा लालीशी काही संबंध नाही. ते तिन्ही जातींत आणि मोसंबीतही असतं, आणि रसापेक्षा सालीखालच्या पांढऱ्या भागात व फोडींच्या पापुद्र्यात कितीतरी जास्त. त्यामुळे खाणाऱ्याने जात बदलण्यापेक्षा रस न काढता फोडी पापुद्र्यासकट खाल्ल्या तर फरक जास्त पडेल. व्हिटॅमिन सी चं म्हणाल तर १०० ग्रॅम संत्र्यात ढोबळमानाने ५० मिलिग्रॅम धरा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ लागतं. दीडेकशे ग्रॅम गरात गरज जवळपास भागते, मग गर लाल असो वा पिवळा. मोरोच्या रसाने चरबी कमी होते अशा जाहिरातींत बऱ्याचदा २०१० च्या एका प्रयोगाचा दाखला असतो. तो उंदरांवरचा होता.

पुण्यात झाड लावायचं मनात असेल तर फळ मिळेल, गडद रंगाची खात्री नाही. आंबे बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचं) फळ थंडी सुरू होताना पक्व होतं, ते जानेवारीपर्यंत झाडावर ठेवलं तर काही रंग चढण्याची आशा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर (ज्या रोपावर कलम बांधतात त्यावर) रस पातळ येतो, त्यापेक्षा रंगपूर खुंटाचं कलम बघा.

आणि तिन्ही जाती एकाच हंगामात नाहीच मिळाल्या, तर एकाच जातीची एक पेटी घेऊन दोन भाग करा. अर्धी फळं ८-१० अंशांच्या शीतकपाटात, अर्धी खोलीत. घरच्या फ्रिजचा भरवसा नको. ४ अंशांच्या खाली फळाच्या सालीवर डाग पडायला लागतात, तेव्हा आत थर्मामीटर ठेवा. पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी अँथोसायनिन, आम्ल आणि ब्रिक्स मोजा. खोलीतली फळं सुरकुततात आणि पाणी उडाल्याने ब्रिक्स वाढल्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येक फळाचं सुरुवातीचं वजन लिहून ठेवा.